कड्याचा रंग कळवा

हनोई,
१४ जानेवारी २०२४

बाबा,

हे पत्र आणि एक छोटी डबी प्रीतम तुमच्या हातात देईल. प्रीतम माझ्याच कारखान्यात आहे, घर अंबरनाथला. त्याला चहा पाजा आणि त्याच्यासमोर डबी उघडू नका. तुम्ही लगेच मालाला नावं ठेवायला लागता, तो बिचारा घाबरेल.

फोन करत नाही म्हणून रुसू नका. फोनवर तुम्ही नुसतं 'हां, हां' करता आणि मला कळतं की तुम्हाला एक अक्षर ऐकू आलेलं नाही. चाळीस वर्षं पॉलिशच्या मोटरीशेजारी बसल्यावर कान राहतील कसे? म्हणून आपलं पत्रच बरं.

डबीत चांदीचं कडं आहे. माझ्या सासूबाईंनी दिलंय. त्यांचं माहेर चांदीकाम करणाऱ्यांच्या गावात, इथून दोन तासांवर. कडं त्यांच्या भावाने घडवलंय, वर बांबूची पानं कोरलीत. माप मी अंदाजाने सांगितलं.

इकडे चांदी नुसती हौसेची नसते. तान्ह्या बाळाला घुंगरांचे चांदीचे वाळे घालतात, का तर वाईट वारा लागू नये. डोंगरातल्या बायका गळ्यात जाड हासळ्या घालतात, त्याही लग्नात मिळालेल्या. कुणाला ताप आला की उकडलेलं अंडं आणि जुनं चांदीचं नाणं फडक्यात बांधून पाठीवरून फिरवतात. नाणं काळं पडलं की म्हणतात, वारा बाहेर आला. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातातली चांदी काळवंडायला लागली, तर सासूबाई त्याला समोर बसवून विचारतात, 'काय होतंय तुम्हाला? खरं सांगा.'

हे शेवटचं मला फार आवडलं, बाबा. आईच्या आजाराचं मला शेवटच्या आठ दिवसांत कळलं. त्याआधी दर वेळी तुम्ही एकच सांगायचात, 'सगळं बरं आहे, येऊ नकोस.' मी आले तेव्हा आईने मला ओळखलं नाही. त्याला पाच वर्षं झाली. मी तुमच्यावर रागावले होते. अजूनही आहे थोडी.

म्हणून एकच मागते. कडं हातात घाला, काढू नका, आणि दर पत्रात कड्याचा रंग कळवा. तब्येत विचारली तर तुम्ही खोटं बोलाल. म्हणून रंग विचारते.

तुमची,
हर्षदा


मांजर्ली, बदलापूर,
६ फेब्रुवारी २०२४

हर्षू,

आशीर्वाद मागाहून, आधी मालाबद्दल बोलू.

चांदी चांगली आहे. सांधा कुठे आहे तो मला सापडायला पाच मिनिटं लागली, आणि मला पाच मिनिटं लागली म्हणजे माणूस पक्का कारागीर आहे. पानांच्या शिरासुद्धा कोरल्यात. तुझ्या मामेसासऱ्यांना माझा नमस्कार सांग. त्यांना म्हणावं, उल्हासनगरला कॅम्प चारच्या चांदीबाजारात या, इथले सगळे उपाशी मरतील.

कामावर गेल्यावर आमच्या मालकाला, प्रेमशेठला दाखवलं. त्याने भिंग लावून पाहिलं. "हरीभाऊ, ये तो बहुत साफ काम है. किसने बनाया?" मी म्हणालो, "हमारे व्याही लोग." व्हिएतनाम म्हटल्यावर त्याने शेजारच्या दोन दुकानदारांना बोलावून माझा हात दाखवला. एवढ्या वर्षांत त्याच्या गल्ल्यासमोर माझा हात पहिल्यांदाच कुणी बघायला आलं.

आता ते अंड्याचं. सासूबाईंना सांगू नकोस, पण अंड्यात गंधक असतं गं. चांदीच्या चमच्याने उकडलेलं अंडं खा, चमचा काळा पडेल, मग ताप असो वा नसो. त्यात वारा-बिरा काही नाही. चांदी काळी पडणं आणि ती पांढरी करणं, ह्याच्यावरच तर मी तुला वाढवली.

पण खोटं कशाला बोलू, हातातल्या चांदीवरून माणूस थोडा कळतो. बारवीकडच्या पाड्यावरून ठमाबाई यायची, आठवते? दर लग्नसराईच्या आधी हातापायातली कडी पॉलिशला आणायची. एका वर्षी ती इतकी काळी होती की रिठ्याच्या पाण्यात दोनदा घासावी लागली. मी म्हटलं, बाई, दवाखान्यात जा. ती हसली. पुढच्या वर्षी कडी घेऊन तिची सून आली.

तर ठरलं. घालतो, काढत नाही, कळवतो. कान गेले असले तरी डोळे शाबूत आहेत.

इकडे सगळं बरं. एकट्याचा स्वयंपाक म्हणजे दोन भांडी. तुझ्या आईचं ताट फळीवर उभं आहे, ते वापरत नाही, पण आठवड्याला घासून ठेवतो. खालच्या मजल्यावरच्या कौसाबाई जिन्यातूनच ओरडतात, "हरी, जेवलास कं नाय?" मला ऐकू येत नाही, पण त्या तेवढंच विचारतात हे ठाऊक आहे, म्हणून हात वर करतो.

रंग: चकचकीत.

तुझा,
बाबा


हनोई,
१० मार्च २०२४

बाबा,

बसून वाचा. तुम्ही आजोबा होणार आहात. ऑगस्टची तारीख दिलीय.

तुमचा जावई तुआन इतका खूश आहे की दिवसातून तीनदा मला बसायला खुर्ची आणून देतो. मला मात्र पहिल्या दिवशी रडू आलं. हे सांगायला आई नाही. आणि मराठीतून सांगायला तर इथे कुणीच नाही. स्वयंपाक करताना मी स्वतःशीच बोलते हल्ली, 'मीठ घातलंस का गं?' आणि स्वतःच उत्तर देते. इथली माणसं प्रेमाची आहेत, पण प्रेम समजून घेतानाही मला आधी मनात भाषांतर करावं लागतं. त्याने दमायला होतं.

मागच्या आठवड्यात मला कणकण होती. सासूबाईंनी ते अंडं-नाणं आणलं. नाणं फ्रेंचांच्या वेळचं, त्यांच्या आजीचं. मला तुमचं गंधक आठवत होतं, तरी पाठ करून बसले. गरम गरम फडकं त्या पाठीवरून फिरवत होत्या आणि काहीतरी पुटपुटत होत्या. मग उघडून दाखवलं, नाणं काळंनिळं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. नाणं कशाने काळं झालं, ह्याच्याशी मला काही देणंघेणं राहिलं नाही, बाबा. कुणीतरी अर्धा तास माझ्या पाठीशी बसलं होतं.

जिज्ञासाने फोनवरून पाठवलेला तुमचा फोटो मिळाला. कौसाबाईंच्या नातीला माझे आभार सांगा. कडं इतकं चमकतंय की फोटोत आधी तेच दिसतं, तुमचा चेहरा नंतर. सासूबाई बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, रोज अंगावर असलेली चांदी थोडी मऊ, थोडी मंद दिसते, ही इतकी कोरी कशी? मी म्हटलं, माझे बाबा तब्येतीने ठणठणीत आहेत.

चेहरा मात्र उतरलेला वाटला. ऑगस्टमध्ये याल का? तिकिटाचं तुआन बघेल. पंधरा दिवस तरी या.

रंग कळवा.

हर्षदा


मांजर्ली, बदलापूर,
२ एप्रिल २०२४

हर्षू, पोरी,

पत्र तीनदा वाचलं. मग कौसाबाईंना खाली जाऊन सांगितलं, मग प्रेमशेठला सांगितलं, मग तुझ्या आईच्या फोटोला सांगितलं. कौसाबाईंनी साखर आणली, माझ्या तोंडात कोंबली आणि कानाशी ओरडल्या, "आता तरी नीट जेव रं, आजा व्हनारास!"

सासूबाईंचे माझ्यातर्फे पाय धर. माझ्या गंधकाचं त्यांना कधीही सांगू नकोस. तुझ्या पाठीवर कुणाचा तरी हात आहे एवढं मला पुरे. आणि त्यांना सांग, पॉलिशवाल्याच्या अंगाला चांदी ओळखते, म्हणून मंद होत नाही.

यायचं म्हणतेस, पण लग्नसराई आहे. त्यानंतर पावसाळा, नदी कधी वर येईल सांगता येत नाही, घर सोडून कसं जायचं? प्रेमशेठही सोडणार नाही. बघू पुढे.

चेहऱ्याचं म्हणशील तर फोटो दुपारच्या उन्हात काढला. जिज्ञासाला उजेडाचं काही कळत नाही.

रंग: चकचकीत. अगदी पहिल्या दिवसासारखा.

बाबा


३ जून २०२४

(हे पत्र टाकलं नाही. वहीतच ठेवलं.)

हर्षू,

हे पत्र टाकायचं नाहीये, म्हणून खरं लिहितो.

फेब्रुवारीच्या शेवटापासून मी कामावर नाही. खोकला होता, तो अंबरनाथच्या डॉक्टरांना दाखवला. त्यांनी छातीचा फोटो काढला, तो उजेडावर धरला आणि विचारलं, "काम काय करता?" मी म्हणालो, पॉलिश. त्यांनी फोटो खाली ठेवला. फुफ्फुसं इतक्या वर्षांच्या धुळीने भरलीत म्हणे. पुन्हा मोटरीवर बसायचं नाही. गोळ्या चालू आहेत, श्वासासाठी तोंडात मारायचा फवारा चालू आहे. पुरात भिजू नये म्हणून दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं, आता त्याच जिन्यात दोनदा बसतो. कौसाबाईंना वाटतं मी त्यांच्याशी गप्पा मारायला थांबतो.

गोळ्या सुरू झाल्यापासून तुझं कडं काळं पडायला लागलं. आधी पंधरा दिवसांनी, मग आठ, आता दोन दिवसांत. घामाने असेल, औषधाने असेल. माझा तुमच्या वाऱ्यावर विश्वास नाही. तरी रोज सकाळी अंघोळीच्या आधी मी खिडकीत बसतो आणि टूथ पावडरीने कडं घासतो. पांढरं झालं की बरं वाटतं. मग तुला 'चकचकीत' लिहितो आणि ते खोटंही नसतं. लिहिताना ते चकचकीतच असतं.

मंगळवारी कॅम्प चारला गेलो. प्रेमशेठला म्हटलं, दोन मिनिटं मोटर दे, कड्याला पॉलिश मारून घेतो. त्याने माझा हात पकडला. "हरीभाऊ, अब इसमें क्या निकालोगे? चांदी निकल रही है." खरं आहे. पॉलिश म्हणजे काळ्याबरोबर थोडी चांदीही खायची. पानांच्या शिरा गेल्या. आता पानंही जातायत.

तुला का सांगत नाही? तू पोटुशी आहेस, सांगितलं तर धावत येशील, आणि तुला किंवा बाळाला काही झालं तर मी काय करू?

आणि आईचं. ते मी माझ्या मनाने लपवलं नव्हतं, हर्षू. तिने माझ्याकडून शब्द घेतला होता. 'तिची नवीन नोकरी आहे, नवीन माणसं आहेत, तिला ओढून आणू नका.' मी तीन वेळा तुझा नंबर काढून फोन बंद केला. तू रागावलीस, मी गप्प बसलो. तुझ्या आईवर रागावण्यापेक्षा तू माझ्यावर रागावलेली बरी. मी इथे आहे, मला सोसता येतं. तिला आता येत नाही.

एकटं वाटतं. हे कुणाला म्हणायचं म्हणून वहीला म्हणतो. काम होतं तेव्हा कान गेलेले जाणवत नव्हते. आता घरात बसलो की जाणवतं, कुणी बोलतच नाहीये, ऐकू न यायला.

बाबा


मांजर्ली, बदलापूर,
१८ ऑगस्ट २०२४

हर्षू,

मुलगी झाल्याचं जिज्ञासाच्या फोनवर कळलं. फोटोही पाहिला. कपाळ माझं, नाक तुआनचं, आणि भांडायला आल्यासारखी नजर तुझ्या आईची. मी दिवसभर हसत होतो.

जुलैत नदी खालच्या पायरीपर्यंत आली आणि परत गेली. कौसाबाई आपलं सामान घेऊन दोन दिवस माझ्याकडे होत्या. घरात दोन दिवस भांडणाचा आवाज होता, छान वाटलं.

प्रीतम ह्या वेळची सुट्टी संपवून निघालाय. त्याच्याबरोबर कडं परत पाठवतो. तू लिहिलं होतंस ना, तिकडे बाळाला वाळे घालतात, घुंगरांचे. आपल्यातही आजोळहून वाळे जातात. मामेसासऱ्यांना सांग, ह्यातूनच बाळाचे वाळे करा. नवी चांदी घेऊन पाठवली असती, पण वापरलेली बरी. म्हाताऱ्याच्या हाताला काय शोभा? शोभा तान्ह्या पायांना.

आता रंगाचा प्रश्न मिटला. तो तिच्या पायात बघत जा.

बाबा


हनोई,
२४ ऑगस्ट २०२४

बाबा,

कडं मिळालं.

सहा महिने तुम्ही 'चकचकीत, चकचकीत' लिहीत राहिलात आणि बाळ झाल्याबरोबर परत पाठवलंत. मी दिलेलं परत केलंत. एवढंच एक मागितलं होतं. काढू नका म्हटलं होतं. वाळे बाजारात मिळतात, बाबा. उल्हासनगरात तर ढिगाने मिळतात, तुम्हीच पॉलिश केलेले. तुम्हाला मी विचारलेलंच नको आहे का? तर तसं सांगा.

पुढे लिहवत नाही. बाळ उठलंय.

२५ ऑगस्ट

कालचं पान फाडणार होते. राहू दे, तुम्हालाही कळू दे मी किती मूर्ख आहे.

आज सकाळी सासूबाईंनी कडं हातात घेतलं. वाळ्यांसाठी वजन बघायचं म्हणून. घेतलं आणि थांबल्या. अंगठा फिरवला, परत फिरवला. मग मला म्हणाल्या, डोळे मिट आणि तूही फिरव.

पानं नाहीत, बाबा. एकही शीर लागत नाही. कडेला एक धार लागते, इतकं पातळ झालंय. सासूबाईंच्या भावाने कोरलेलं काम शंभर वर्षं टिकतं, त्या म्हणाल्या. त्यांनी मला विचारलं, 'ही चांदी कुणी रोज पुसली? आणि रोज पुसायला रोज काळी कशाने पडत होती?'

उत्तर त्यांना माहीतच होतं. त्यांनी बाळ माझ्या मांडीवरून उचललं आणि मला रडू दिलं.

मी रंग विचारायला नको होता. तुमच्यासारख्या माणसाला रंग विचारायचा म्हणजे चोराच्याच हातात किल्ली द्यायची. दुसऱ्या कुणाच्या वडिलांना हे जमलं नसतं.

कडं वितळवणार नाही. बाळाला मामेसासऱ्यांनी वेगळे वाळे आणलेत. तुमचं कडं उद्याच कुरिअरने परत येतंय. घाला. पुसू नका. टूथ पावडर असेल ती कौसाबाईंना द्या. दहा-बारा दिवस तसंच राहू दे आणि मग लिहा.

तुआन बाळाच्या कागदपत्रांच्या मागे लागलाय. डॉक्टरांना विचारलंय, ऑक्टोबरमध्ये ती विमानात बसू शकते. मी आत्ता सगळं सोडून निघू शकते. पण मी तुम्ही बोलावल्याशिवाय येणार नाही. हा हट्ट आहे, मला कळतं. पण आईच्या वेळी मी तुमच्या तोंडून फक्त 'येऊ नकोस' ऐकलं. आयुष्यात एकदा तरी मला दुसरं काहीतरी म्हणा.

हर्षदा


मांजर्ली, बदलापूर,
१४ सप्टेंबर २०२४

हर्षू,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. जिज्ञासा समोर बसली आहे. ती ह्याचा फोटो काढून पाठवेल, म्हणजे आजच पोचेल. वहीतलं जूनचं एक पत्र आहे, न टाकलेलं. त्याचाही फोटो पाठवतो. ते आधी वाच. छातीचं त्यात आहे. आईचंही आहे. आईवर रागावू नकोस. तिला वाटलं तिने बरोबर केलं, आणि मला वाटलं मी. आम्ही दोघांनी मिळून तुला उशिरा बोलावलं. माझं चुकलं.

कुरिअर दोन तारखेला आलं. कडं घातलं. पहिले दोन दिवस फार जड गेले. सकाळी हात आपोआप टूथ पावडरीच्या डबीकडे जायचा. मग डबी कौसाबाईंना नेऊन दिली. त्या म्हणाल्या, "माझं दातच नाय रं, मी कय करू हिचं?" तरी ठेवून घेतली. ऐकू आलं नाही, जिज्ञासाने लिहून दाखवलं.

तिसऱ्या दिवशी पिवळट झालं. पाचव्या दिवशी तपकिरी. आज बारावा दिवस. आयुष्यभर मी हे येऊ दिलं नाही, दिसलं की पुसलं. काळी पडत जाणारी चांदी इतके दिवस सलग मी कधी बघितलीच नव्हती. काल दुपारी उन्हात धरलं तर एक गंमत दिसली. जिथे पानं होती तिथे, अगदी खोल शिरांत, काळं जास्त बसलंय. बोटाला लागत नाहीत, पण डोळ्याला पानं परत दिसायला लागलीत. मामेसासऱ्यांना सांग, त्यांचं काम पूर्ण गेलेलं नाही.

डॉक्टरांनी परवा परत छातीचा फोटो काढला. आधीपेक्षा वाईट आहे. किती, ते तू आल्यावर त्यांनाच विचार. मी विचारलं नाही. जिन्यात आता तीनदा बसतो. आईचं ताट फळीवरून काढून धुऊन ठेवलंय. तू त्यात जेव.

हात पुढे करून बसलोय. जिज्ञासा कड्याचाही फोटो काढतेय. तिला म्हटलं, ह्या वेळी खिडकीत नको, सावलीत काढ.

रंग: काळा. पुसलेलं नाही.

ये.

बाबा